दीड तासाची फ्लाइट? कुठला दीड तास!

‘अगं, दीड तासाची तर फ्लाइट आहे, ये ना!’ एक पुण्यात आणि एक बंगलोरला असलेल्या प्रत्येक कपलमध्ये हे वाक्य कधी ना कधी येतंच. आणि त्यानंतरचं भांडणही! माझं मत विचाराल तर या वाक्यावर सरळ बंदी घालायला हवी.

कारण तो दीड तास नेमका कशाचा, हे कुणी बघतच नाही. पुणे-बंगलोर हवाई अंतर साधारण ७२० किलोमीटर. रस्त्याने हेच ८४०च्या आसपास. जेट विमान एकदा वर गेलं की ताशी ८०० किलोमीटरने पळतं, म्हणजे हवेत जेमतेम सव्वा तास. तिकिटावरची वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे पार्क होईपर्यंतची. याला म्हणतात ब्लॉक टाइम. रनवेपर्यंत रांगत जाणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, सगळं त्यात आधीच धरलेलं. म्हणून तर ‘आपण दहा मिनिटं लवकर पोचलो आहोत’ ही अनाउन्समेंट इतक्यांदा ऐकू येते. लगेच इम्प्रेस होऊ नका!

खरी गंमत जमिनीवर आहे, बॉस. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघा. लोहगाव पंचवीसेक किलोमीटर, पण त्या ट्रॅफिकला दीड तास द्यावाच लागतो. बॅग द्यायची तर काउंटर तासभर आधी बंद, म्हणजे तुम्ही दोन तास आधी हजर. मग तो फेमस दीड तास. बेल्टपाशी अर्धा तास. आणि तो राहतो कुठे? इलेक्ट्रॉनिक सिटीत! विमानतळ शहराच्या उत्तरेला, इलेक्ट्रॉनिक सिटी पार दक्षिणेला. मध्ये अख्खं बंगलोर. आणखी दोन तास. झाले साडेसात! सरासरी काढली तर ताशी शंभरच्या आसपास, म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सपाटीला कारसाठी जी लिमिट आहे, तीच.

मे २००८पर्यंत विमानं शहरातल्याच एचएएल विमानतळावर उतरायची. मग विमानतळ गेला पस्तीसेक किलोमीटर बाहेर, देवनहळ्ळीला. आकाशातलं अंतर जवळपास तेच राहिलं, घरी पोचणं तेवढं लांबलं.

माझी एक मैत्रीण महिन्यातून दोनदा हे करते. शुक्रवार रात्र ते रविवार रात्र अठ्ठेचाळीस तास, त्यातले पंधरा रस्त्यात आणि रांगेत. तरी ‘तू दमलेलीच असतेस’ हे ऐकायचं. मागच्या महिन्यात तिने सांगून टाकलं, या वेळी तू ये. शुक्रवारी साडेसहाला त्याचा मेसेज आला, ‘अजून सिल्क बोर्डच्या सिग्नललाच आहे, फ्लाइट मिळेल ना गं?’

तिने फक्त एक स्मायली पाठवला.