कोर्टानं ताट दिलं, बैल ठेवून घेतला

म्हातारा बैल कुणाचा? देवळाचा? गोरक्षकाचा? छट्! तो कर्जबाजारी कुणब्याच्या दावणीचा. वैरण त्यानंच घालायची.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात गाय कापायला बंदी होती. कामातून गेलेला बैल मात्र दाखला घेऊन कापता यायचा. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीच्या सरकारनं ती वाट बुजवली. राष्ट्रपतींची सही झाली वीस वर्षांनी, २०१५ त. पुढच्या एप्रिलात लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं. माणसाला घोट नाही, आणि सरकार निघालं भाकड बैल जगवायला. तेही दुसऱ्याच्या कडब्यावर!

कायदा मुंबई हायकोर्टात गेला. न्या. ओक आणि न्या. गुप्ते यांनी ६ मे २०१६ ला निकाल दिला. बैलबंदी घटनेत बसते म्हणाले. पण परराज्यात कापलेल्या बैलाचं मांस घरात सापडलं की गुन्हा, हे कलम ५ ड त्यांनी उडवलं. माणसाच्या खाजगी जगण्यावर तो घाला आहे. कलम ९ ब पण उडवलं. ते तर फारच भारी होतं. पोलिसांनी धरायचं, आणि मी निर्दोष आहे हे धरलेल्यानंच सिद्ध करायचं! अरे, आमच्या बापजाद्यांनी दुसरं काय केलं? गावात चोरी झाली की आधी महारवाड्या-मांगवाड्याची झडती. तोच गावगाडा यांनी विधिमंडळात कायदा करून बसवला होता.

मग जिंकलो? अर्धेच. परराज्यातनं आणून खा, म्हणे. आणणार कोण? पंचतारांकित हॉटेलवाला. औरंगाबादच्या सिल्लेखान्यातला खाटीक, कातडं कमावणारा ढोर, स्वस्त मटणावर पोरं वाढवणारी झोपडपट्टीतली बाई, यांच्या हातात काय पडलं?

आपल्यातले काही पांढरपेशे म्हणतात, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, मग आता कशाला ओरडता? भाऊ, ते आपण सोडलं. स्वाभिमानानं सोडलं. फौजदारानं ताटातनं उचलणं वेगळं. त्याच बाबासाहेबांनी १९४८ ला अस्पृश्यतेचं मूळ शोधताना गोमांसावर बोट ठेवलं. ज्या घासापायी वेशीबाहेर घातलं, त्याच घासापायी आता तुरुंगात घालणार?

उडालेलं ५ ड परत मिळावं म्हणून सरकार सुप्रीम कोर्टात धावलं. त्याच कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ त खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. आता सरकारी वकिलानं तिथं उभं राहून सांगावं, आमच्या पातेल्यात राज्याचं कोणतं हित शिजतं ते.