ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

‘कैद्यांना कोडिंग शिकवा’ असं कुणी म्हणालं की आता मला राग येतो. आम्हा आयटीवाल्यांची ही लाडकी कल्पना. सीएसआरचं बजेट, वीस लॅपटॉप, भिंतीवर बॅनर, शेवटी सर्टिफिकेट, आणि दुसऱ्या दिवशी लिंक्डइनवर पोस्ट. गेली दोन वर्षं मी पुण्यात, येरवड्याच्या बाजूला, तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांना दर रविवारी मोबाइल शिकवतो. पायथन अजून एकानेही विचारलेलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, माझा जुना नंबर परत मिळेल का?”

बहुतेक वेळा नाही मिळत. प्रीपेड सिम सलग 90 दिवस वापरलं नाही, बॅलन्सही नसला, तर कंपनी ते बंद करते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला देते. खटले काही 90 दिवसांत संपत नाहीत. एका काकांना आपला नंबर आत इतकी वर्षं तोंडपाठ होता. माझ्या फोनवरून लावून बघितला. कुणीतरी मुलगी बोलली, “राँग नंबर.” काकांनी तिला सॉरी म्हटलं आणि फोन मला परत दिला.

आता त्या 10 आकड्यांना आपण काय काय बांधून ठेवलंय ते मोजा. आधार, बँक, गॅस, पॅन, नोकरीचा अर्ज. नवीन सिम घ्यायला ओळखपत्र लागतं, ओळखपत्र डाउनलोड करायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो त्या अनोळखी मुलीकडे. बँक खात्यात दोन वर्षं व्यवहार नसेल तर तेही निष्क्रिय होतं. पुन्हा केवायसी, पुन्हा रांग. या चक्राला ‘डिजिटल निरक्षरता’ म्हणणं हा शुद्ध कांगावा आहे. काका व्यवस्थित साक्षर आहेत. ‘नंबर गेला तर काय?’ हा प्रश्न सिस्टिम बांधणाऱ्याने विचारायला हवा होता, आणि ते बांधणारे म्हणजे आमचीच जमात.

बायकांचं तर आणखी अवघड. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकींच्या खात्याला नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर जोडलेला असतो. अटकेनंतर ज्याने नाव टाकलं, दारात उभं केलं नाही, त्याच्याच फोनवर तिच्या पैशांचे मेसेज जातात. एक मावशी मला म्हणाल्या, “बाळा, त्याला विचारल्याशिवाय होणारं काहीतरी शिकव.” सांगा, याला कोणता कोर्स आहे?

दुसरी टोळी उलट बोलते. “यांच्या हातात फोन? उद्या सायबर फ्रॉड करतील!” राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 2022 ची आकडेवारी बघा: देशातल्या दर 100 कैद्यांपैकी सुमारे 76 जण कच्चे कैदी. म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. आणि फसवणुकीचं म्हणाल तर हेच लोक सगळ्यात सोपी शिकार आहेत. यूपीआय आलं 2016 मध्ये, नोटाबंदीही त्याच वर्षी. जो त्याआधी आत गेला त्याने क्यूआर कोड पहिल्यांदा पाहिला तो चहाच्या टपरीवर. माझ्या वर्गाचा अर्धा वेळ एकाच वाक्यावर जातो: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी पिन मागितला की फोन ठेवायचा, मग समोरचा कितीही साहेब असो.

एवढं शिकून डिलिव्हरीच्या कामाला अर्ज केला, की पुढे उभी असते बॅकग्राउंड चेक नावाची भिंत. ई-कोर्ट्सवर नाव टाकलं की खटला दिसतो, निकालही दिसतो. माझ्या ओळखीतल्या एका टीमने त्यावर टूल बांधलं: नाव जुळलं की लाल ठिपका. निर्दोष सुटका झालेल्यालाही लाल, नुसत्या नामसाधर्म्यालाही लाल. निकालाचा रकाना तिथेच होता, तो वाचायचे कष्ट घेतले नाहीत, कारण क्लायंटने मागितलं नव्हतं. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल गुगलच्या शोधात दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. तो कोर्टात जाऊ शकला. रविवारच्या वर्गातल्या कुणाला ते परवडणार आहे?

सरकारकडे मागायचं तर साधं आहे. महिन्यातून एकदा तुरुंगातच आधारचं मशीन न्या, आणि सुटणाऱ्याच्या हातात कपड्यांच्या पिशवीसोबत त्याच्या स्वतःच्या नावाचं चालू सिम द्या. टूल बांधणाऱ्यांनी निकालाचा रकाना वाचावा. एका स्प्रिंटचंही काम नाही ते.

आणि ज्यांना आमच्याकडे ‘व्हॉलंटियर’ करायचंय त्यांनी लॅपटॉप घरी ठेवावा. रविवारसाठी माणसं पुरेशी आहेत. मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून काकांबरोबर आधार केंद्राच्या रांगेत आणि तिथून बँकेत जाणारं कुणी मिळत नाही.