क्लब गावाचा असेल तरच टिकेल

जळगाव-धुळ्यात फुटबॉल क्लबचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: कुणीतरी बडा उद्योजक पुढे आल्याशिवाय काही व्हायचं नाही. हे मत मला साफ अमान्य आहे. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुणे एफसी आणि मुंबई एफसी हे दोन्ही क्लब 2007 मध्ये उभे राहिले, पण दोघांनाही काही वर्षांतच गाशा गुंडाळावा लागला. पैसा होता, प्रशिक्षक होते, गळ्यात मफलर घालून ओरडणारे पाठीराखेही होते. त्या पाठीराख्यांचा क्लबवर हक्क मात्र नव्हता. मालकाचं मन फिरलं आणि सगळं संपलं.

कोल्हापूर पाहा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळं पिढ्यानपिढ्या फुटबॉल खेळताहेत. आता बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही तिथे येतात, तरी संघ पेठेचाच राहतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातली आजीसुद्धा निकाल विचारते.

यावर आक्षेप येतो, की कोल्हापूरला शाहू महाराजांचा आश्रय होता, तालमींची परंपरा होती. खान्देशात काय आहे? खान्देशात यात्रांतल्या कुस्त्यांची दंगल आहे! गावोगावी वर्गणी गोळा होते, कुणी नारळावरची कुस्ती लावतो, कुणी शेवटच्या जोडीचं बक्षीस जाहीर करतो, आणि त्या मातीभोवती अख्खं गाव दाटीवाटीने बसतं. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना भाऊबंद एकत्र येतात, गणपतीत प्रत्येक चौकाचं मंडळ उभं राहतं. माणसं जमवायची, खर्च वाटून घ्यायचा, हिशेब चुकता करायचा, हे सगळं इथल्या पोरांना येतं. कोल्हापूरच्या तालमींनी हेच बळ फुटबॉलकडे वळवलं. तिथली ईर्ष्या कधी हाणामारीपर्यंत जाते, हे खरं. म्हणून प्रेक्षकांच्या वागण्याची जबाबदारी पहिल्या दिवसापासून मंडळाच्या ज्येष्ठांनी घेतली पाहिजे.

क्रिकेटपुढे फुटबॉलला कोण येणार, हाही एक प्रश्न. जून 2018 मध्ये मुंबईत भारताच्या सामन्याला अवघे 2,569 प्रेक्षक होते. कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून मैदानावर येण्याचं आवाहन केलं आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. तोवर लोकांना कुणी आपलं म्हणून बोलावलंच नव्हतं.

उन्हाची सबब तर सोडूनच द्या. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला दुपारी खेळणं अशक्य, आणि भर पावसात काळी माती बुटाला चिकटते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ मात्र हाताशी आहे. हंगाम तेवढाच ठेवा.

सुरुवात चार गावांनी करावी: जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे. पहिली तीन तर एकाच रेल्वेमार्गावर आहेत. प्रत्येक संघाने बाकीच्या प्रत्येकाशी एक सामना घरी, एक परगावी खेळावा; वार आणि वेळ कायमची ठरलेली असावी, म्हणजे बाजाराच्या दिवसासारखी ती लोकांच्या अंगवळणी पडेल. वर्षाची वर्गणी हमालाला, रिक्षावाल्यालाही झेपेल एवढीच असावी आणि प्रत्येक वर्गणीदाराला एक मत असावं. प्रायोजक आला तर त्याचं नाव जर्सीवर आनंदाने छापावं. क्लब बंद करायचा की चालवायचा, हा निर्णय मात्र वर्गणीदारांच्या सभेतच व्हावा, आणि ही अट नोंदणीच्या घटनेत पहिल्याच दिवशी लिहिली जावी.