हृदयरुग्णाच्या भावंडांना कोण बोलावणार?



पस्तिशी-चाळिशीतला माणूस हृदयविकाराने गेला की लातूर-नांदेडकडे दोन वाक्ये हमखास कानावर येतात. ‘सुपारीचंही व्यसन नव्हतं हो’ आणि ‘कोरोनाची लस घेतली होती’. लसीचा निकाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2023 मध्येच लावला आहे. देशातल्या 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंची माहिती घेतली, तेव्हा लसीने धोका वाढल्याचे आढळले नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत एक होती कुटुंबात पूर्वी झालेला असाच अचानक मृत्यू. लसीवर पारावर तासभर वाद रंगतो, या कारणावर अवाक्षर नाही.

निर्व्यसनी, सडपातळ माणसाचेही एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जन्मापासून वाढलेले असू शकते. ते रक्तातून उचलून घेण्याचे यकृताचे काम एका जनुकातल्या दोषाने अडते. असा दोष अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो आणि आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दुसरे कारण लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण. तेही बहुतांशी जनुकेच ठरवतात, पथ्याने फारसे हलत नाही, आणि भारतात सुमारे चौघांत एकाला ते जास्त असते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये सांगितले की ते आयुष्यात एकदा तरी तपासा आणि पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याआधीच.

लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या श्यामनगरात ‘नीट’ची तयारी करणारी हजारो मुले वंशावळीचा तक्ता पाहून दोष प्रभावी की अप्रभावी हे मिनिटभरात सांगतात. चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, काळा भरलेला तो बाधित. त्यांतल्याच एखाद्याचे काका बेचाळिसाव्या वर्षी गेलेले असतात आणि वडिलांचे एलडीएल कधी मोजलेलेच नसते. दवाखान्यात तरी काय विचारतात? ‘घरात कुणाला शुगर, बीपी?’ नाही म्हटले की कार्डावर ‘फॅमिली हिस्ट्री : नथिंग सिग्निफिकंट’. घरचेही काकांचे नाव काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी काका ‘गॅस वर चढून’ गेले!

आपल्याकडे अजून मामाची मुलगी करतात, म्हणून हेही लिहितो. दोन्हीकडून तोच दोष आला तर लेकराचे एलडीएल चारशे-पाचशेच्या पुढे जाऊ शकते. कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेमागच्या शिरेवर पिवळट गाठी येतात. त्यांना मलम लावत बसू नये. अशा मुलाला झटका शाळेच्या वयातही येऊ शकतो.

‘रक्तातच आहे तर करणार काय?’ या वाक्याचा मला सर्वांत राग येतो. अमेरिकेत 2006 मध्ये उलटे उदाहरण समोर आले. पीसीएसके9 जनुकातल्या बदलामुळे ज्या कृष्णवर्णीयांचे एलडीएल जन्मतःच सरासरी 28 टक्के कमी होते, त्यांच्यात हृदयविकार 88 टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे एलडीएल जितक्या लवकर उतरवावे तितका लाभ मोठा, आणि उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत. महागड्या जनुकीय चाचण्यांचे पॅकेज मी मागत नाही. त्यांतले धोक्याचे गणित मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहे. साधी लिपिड प्रोफाइल काही शे रुपयांत होते.

लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी एवढे करावे. पंचावन्नच्या आतला पुरुष किंवा पासष्टच्या आतली स्त्री झटका येऊन दाखल झाली, की डिस्चार्ज कार्डावर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची नावे-वये लिहावीत व त्यांना रक्ततपासणीची तारीख द्यावी. रुग्णाच्या अँजिओप्लास्टीला राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. खाटेशेजारी डबा घेऊन बसलेल्या भावाचे रक्त तपासायला कुणी नाही.

आणि वाचकहो, डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. घरातले कोण, कितव्या वर्षी, कशाने गेले, हे आपण होऊन सांगा.

– एक निवृत्त शिक्षक, अहमदपूर (जि. लातूर)