स्टुडिओ घरचा, सॉफ्टवेअर कुणाचं?

कपाटातले कपडे हेच साउंडप्रूफिंग, उशांच्या ढिगाऱ्यावर ठेवलेला माइक आणि रेकॉर्डिंगपुरता बंद केलेला पंखा. घरच्या स्टुडिओचं हे चित्र तुमच्या चांगल्याच ओळखीचं असेल. पॉडकास्ट, रॅप, एकांकिकेचं पार्श्वसंगीत, सगळं याच खोलीत जन्माला येतं. फक्त एक गोष्ट कुणी मोठ्याने सांगत नाही. लॅपटॉपमधलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अनेकदा मित्राच्या पेन ड्राइव्हमधून आलेलं, 'क्रॅक' केलेलं असतं.

हा विषय आत्ता निघायचं कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण ती नुसती मुदतवाढ आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे ताईकडून तुमच्याकडे आलेला, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉप एका तारखेने 'जुना' ठरला. अपडेट नसलेली सिस्टीम आणि त्यावर क्रॅक सॉफ्टवेअर, म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाण्यासारखं!

मग करायचं काय? नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर लिनक्स टाकून बघा. आता तुम्ही म्हणाल, लिनक्स ठीक आहे कोडिंगवाल्यांना, गाणं कसं रेकॉर्ड होणार? शंका रास्त आहे. कारण ऑडिओमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो. माइकमध्ये बोललेलं हेडफोनमध्ये उशिरा ऐकू आलं, तर गाणाऱ्याचा ताल गेलाच. या उशिराला 'लेटन्सी' म्हणतात. कॉम्प्युटर आवाज तुकड्या-तुकड्यांत हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि एका तुकड्यात १,०२४ नमुने ठेवले, तर त्या एका तुकड्यालाच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. २५६ ठेवले तर ५ मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात हवेतला आवाज पावणेदोन मीटर जातो. म्हणजे तबलजी तुमच्यापासून पाच-सहा फुटांवर बसलाय, एवढाच फरक. खरा उशीर याहून थोडा जास्त असतो, कारण आवाज आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्हीकडे वेळ लागतो.

तुकडा लहान केला की प्रोसेसरला प्रत्येक वेळी ठरल्या क्षणी हजर राहावं लागतं. जरा चुकलं की 'टक्-टक्' आवाज येतो. लिनक्सला हा वक्तशीरपणा शिकवण्याचं काम सुमारे वीस वर्षं मूळ प्रणालीच्या बाहेर, वेगळ्या जोडणीच्या रूपात सुरू होतं. २०२४मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.१२ आवृत्तीत ते अधिकृतपणे सामील झालं. प्रत्येक लिनक्समध्ये ते आपोआप चालू नसतं, आणि घरच्या रेकॉर्डिंगला दर वेळी त्याची गरजही पडत नाही. पण 'लिनक्स ऑडिओसाठी नाहीच' हे वाक्य आता शिळं झालंय. उबुंटू स्टुडिओसारख्या आवृत्तीत तर ऑडिओसाठी लागणारी जुळवाजुळव आधीच केलेली असते. मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगला आर्डर, आवाजाच्या कापाकापीला ऑडॅसिटी, ड्रम्सना हायड्रोजन, बीट्ससाठी एलएमएमएस. आणि यात क्रॅक शोधायची भानगडच नाही.

आता दुसरी बाजू. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्यूबेस, प्रो टूल्स यांपैकी एकाचीही लिनक्स आवृत्ती नाही. लॉजिक प्रो तर फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं. अनेक महागडे प्लगइन आयलॉकच्या कुलपात असतात आणि ते कुलूप लिनक्सवर उघडत नाही. तुमचा बँड एफएल स्टुडिओवर काम करत असेल आणि प्रोजेक्ट फाइल्सची देवाणघेवाण होत असेल, तर तुम्ही एकट्याने लिनक्सवर जाऊन अडकाल. ऑडिओ इंटरफेस घेतानाही तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, साध्या यूएसबीवर चालतो का, हे आधी विचारा. शिवाय पहिले काही दिवस गाण्यापेक्षा सेटिंगमध्येच जातील. पैसे वाचतात, वेळ द्यावा लागतो.

तरीही माझं मत लिनक्सच्या बाजूने झुकतं, आणि ते फुकट आहे म्हणून नाही. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथे उपयोगी पडतात. फुकट ॲप उद्या पैसे मागू शकतं. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, तो वापरायचा, बदलायचा, वाटायचा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो. आर्डरचंच बघा. त्याच्या वेबसाइटवर तयार प्रोग्रॅमसाठी पैसे मागतात, तरी ते मुक्तच आहे. त्यात तुमचा आवाज साध्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये राहतो आणि कुठला ट्रॅक कुठे आहे, ही माहिती साध्या मजकुरात. क्रॅक बंद पडला, सबस्क्रिप्शन संपलं म्हणून पहिल्या वर्षी केलेलं गाणं शेवटच्या वर्षी उघडलं नाही, असं होत नाही. शिकत असलेल्या माणसासाठी आपलं जुनं काम हीच तर कमाई असते.

घाई मात्र करू नका. आर्डर आणि ऑडॅसिटी विंडोजवरही चालतात. आधी तिथेच हात बसवा. मग उबुंटू स्टुडिओ पेन ड्राइव्हवर टाकून 'लाइव्ह' चालवा. लॅपटॉपमधलं काहीही न पुसता तुमचा माइक, इंटरफेस चालतो का ते कळेल. हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्री नको, सुट्टीत करा. आणि लिनक्स कायमचं टाकायचं ठरलंच, तर आधी बॅकअप घ्या.

नाही जमलं, तर विंडोज आहेच. जमलं, तर क्रेडिटमध्ये सॉफ्टवेअरचं नाव बिनधास्त लिहिता येईल.