शून्य बिल आणि विजेची घट

धान्याच्या धंद्यात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसास घट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उन्हाने दाणा वाळतो, उंदीर पोत्यास भोक पाडतो, हमालाच्या हुकाने शिवण उसवते. वर्षअखेर साठा मोजताना हे सर्व घटीच्या खाती लिहावेच लागते. परंतु आपल्या घरात अहोरात्र चालू असलेली एक घट आपण कोणत्याच खाती लिहीत नाही. ती विजेची. तिजविषयी चार शब्द सभासद बंधु-भगिनींपुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दूरचित्रवाणी संच रिमोटने बंद केला म्हणजे तो बंद झाला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः रिमोटच्या पुढील आज्ञेची वाट पाहत तो जागाच असतो व त्यासाठी थोडी वीज घेत राहतो. शेजारची सेट-टॉप पेटी तर त्याहूनही जागरूक. पडदा काळा झाला तरी तिचे आतील काम बहुतांशी चालूच असते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातवाने प्लगमध्ये बसवावयाचे एक लहानसे वीजमापक आणले आणि आम्ही दोघे घरभर हिंडलो. सेट-टॉप पेटी चालू असता अकरा वॅट, बंद असता नऊ! माडीवरील दुसऱ्या पेटीचीही तीच गत. जुना संगीतसंच आठ, संगणक व छपाईयंत्र मिळून सात, आणि मायक्रोवेव्ह भट्टी केवळ घड्याळ दाखविण्यासाठी तीन. नवा दूरचित्रवाणी संच मात्र एका वॅटहून कमी. बेरीज छत्तीस वॅट. दिवसाचे वीस तास ही यंत्रे वापराविना असतात असे धरले, तरी महिन्यास एकवीस-बावीस युनिटे होतात. मोबाइलचा चार्जर भिंतीस तसाच ठेवल्याबद्दल मी आजवर सूनबाईंना बोलत आलो. मापकाने त्याची नोंद जवळजवळ शून्य दाखविली. हे येथे लिहिलेच पाहिजे, असे त्यांनी मला बजावले आहे.

आता शून्य बिलाकडे वळू. २०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटक शासनाच्या गृहज्योती योजनेमुळे आमच्या खासबागेतील पुष्कळ घरांत हेस्कॉमचे शून्य रकमेचे बिल येऊ लागले. योजना गोरगरिबांस उपकारक आहे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु रक्कम शून्य दिसताच त्या कागदावरील युनिटांचा आकडा वाचणे आपण सोडून दिले, आणि हे व्यापाऱ्याच्या घरी शोभत नाही. ही सवलत घराच्या पूर्वीच्या सरासरी वापरावर बेतलेली असून महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की संपूर्ण बिल भरावे लागते. ज्या घराचा खरा उपयोग १८५ युनिटांचा, ते या एकवीस युनिटांच्या घटीने मर्यादेपलीकडे जाते आणि सगळ्याचीच रक्कम भरते. पेढीवरील जोडणीस तर ही सवलतच नाही. तेथील संगणक रात्रभर जागे असतात त्याचे पैसे आपण रोख मोजतो.

पैशाची गोष्टही मी दुय्यम मानतो. त्याच २०२३ साली पावसाने दगा दिला, ऑक्टोबरात राज्यभर विजेची टंचाई पडली आणि शेतीपंपांचा पुरवठा दिवसाकाठी पाच तासांवर आणावा लागला. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारी-मक्यावर आपल्या पेढ्या चालतात, तो रात्री-अपरात्री पंपापाशी विजेची वाट पाहत होता. खासबाग, वडगाव, शहापूर या भागांत यंत्रमाग थांबला की विणकराची मजुरी थांबते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. आणि त्याच रात्री आपल्या दिवाणखान्यात कोणीही न पाहणारी पेटी मात्र तापलेली! आपल्या आचारग्रंथांत निष्प्रयोजन पाणी सांडणे, निष्प्रयोजन अग्नी पेटविणे यांस अनर्थदंडात गणले आहे. वीज ही त्याच पंक्तीत बसावी, असे माझे मत आहे.

एका घराच्या बावीस युनिटांनी काय होणार, असे कोणी म्हणेल. क्विंटलमागे पाच रुपयांवरून सौदा मोडणाऱ्यांनी तरी हे विचारू नये! वर्षाचे तास ८,७६०; एक वॅट अखंड वाहिला तर पावणेनऊ युनिटे जातात. परदेशांनी ही गोष्ट पूर्वीच ओळखली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली अशा यंत्रांस एका वॅटची मर्यादा सुचविली. युरोपीय संघाने २००८ साली नियम करून २०१३ पासून ती बहुतेक घरगुती उपकरणांस अर्ध्या वॅटवर आणली. म्हणजे दोष सर्वस्वी आपला नव्हे, कारखानदाराचाही आहे. आमचा नवा संच आणि जुना संगीतसंच यांतील फरक हेच सांगतो.

उपाय साधा आहे, भिंतीवरील बटण. शीतकपाटास व पेढीवरील पहाऱ्याच्या कॅमेऱ्यास अर्थातच हात लावू नये. आमच्या घरी पहिल्या आठवड्यात यावरून थोडा वाद झाला, कारण पेटी पुन्हा जागी होण्यास दोन-तीन मिनिटे घेते व तेवढ्यात मालिकेचा आरंभ निघून जातो. सौ. चे म्हणणे मला रास्त वाटले. तेव्हा असे ठरले की शेवटची मालिका संपल्यावर बटण बंद व्हावे आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळीच चालू व्हावे. पुढील महिन्याच्या बिलात सतरा युनिटे कमी भरली.

संघाच्या कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. असे मापक एका क्विंटल ज्वारीच्या भावाहून स्वस्त मिळते. संघाने चार-पाच मापके घेऊन सभासदांस आठ-आठ दिवस वापरावयास द्यावीत. तोवर माझे मापक पेढीवर ठेवले आहे. ज्यास हवे त्याने खुशाल न्यावे. मात्र वहीत नाव लिहून.