Explained : सिगारेट नाही, पण मशेरीचं काय? गरोदरपणात तंबाखू सोडवायला समुपदेशन कसं उपयोगी पडतं?

'विडी-सिगारेट ओढता का?' असं दवाखान्यात विचारलं, तर बहुतेक गरोदर महिला 'नाही' म्हणतील. ते खरंही असेल. पण रोज सकाळी दातांना लावली जाणारी मशेरी या उत्तरात येतच नाही.

आकडे काय सांगतात?
२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २ टक्के महिला धूम्रपान करतात, तर १२.८ टक्के महिला धूर न होणारी तंबाखू वापरतात. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून बारीक केलेली तंबाखू. अनेक घरांत तिला व्यसन मानतच नाहीत.

बाळावर काय परिणाम होतो?
निकोटीन हिरड्यांतून रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत जातं. मुंबईतल्या १,२१७ महिलांचा अभ्यास २००४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्या महिलांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, प्रसूतीही सरासरी ६ दिवस आधी झाली.

गोळ्या का देत नाहीत?
व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही व्यसनमुक्तीची औषधं गरोदरपणात वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये सांगितलं. त्यामुळे समुपदेशन हाच पहिला उपाय ठरतो.

त्याने खरंच फरक पडतो का?
२०१७च्या कोक्रेन आढाव्यात १०२ चाचण्या तपासल्या गेल्या. समुपदेशनासारख्या मदतीमुळे धूम्रपान सोडणाऱ्या गरोदर महिलांचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं. कमी वजनाची बाळं १७ टक्क्यांनी घटली. मात्र यातल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या आणि सिगारेटबद्दलच्या आहेत. आपल्याकडे प्रश्न बदलावे लागतील.

समुपदेशनात काय हवं?
- नाव घेऊन विचारणं : मशेरी, तपकीर, गुल, तंबाखू-चुना, तंबाखूचं पान.
- कारण शोधणं : 'दात दुखतो', 'मशेरीशिवाय पोट साफ होत नाही' अशी कारणं असतील, तर आधी दातांची तपासणी आणि बद्धकोष्ठतेवर उपाय.
- दिवस ठरवणं : सोडण्याची तारीख पक्की करायची, त्याआधी डबी घराबाहेर.
- घरच्यांना सोबत घेणं : सासू आणि नवरा रोज तिच्यासमोर तंबाखू वापरत असतील, तर एकटीला सोडणं अवघड जातं.
- पुन्हा विचारणं : प्रत्येक तपासणीत आणि बाळंतपणानंतरही. कारण बाळ झाल्यावर सवय परत लागण्याचा धोका मोठा असतो.

खरी अडचण कुठे?
पहिल्याच भेटीत खडसावलं, तर पुढच्या वेळी ती 'सोडली' असं सांगून मोकळी होईल. कार्डावरची नोंद बदलेल, सवय तशीच राहील. घरी येणाऱ्या आशाताईंशी ती जास्त मोकळेपणाने बोलू शकते. पण त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि वेळ, दोन्ही मिळायला हवं.

मदत कुठे मिळेल?
तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ (टोल फ्री). 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. मशेरीचा विषय तिथेही काढता येईल.